तलाव कोणत्या विद्याशाखेत मोडतो?

मुर्री हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. तिथल्या मुलामुलींना पदवीसाठी गोंदियाचे महाविद्यालय गाठावे लागते आणि त्या महाविद्यालयाची पदवी सुमारे १३० किलोमीटरवरच्या नागपुरातून येते. नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पंखाखाली आहेत. मुर्रीची मुलगी प्रवेशाचा अर्ज भरते तेव्हा ज्ञानाची वाटणी आधीच होऊन गेलेली असते. कला की विज्ञान, वाणिज्य की अभियांत्रिकी, एवढेच तिला ठरवायचे असते. आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द परिपत्रकांतून फिरू लागला आहे आणि विद्याशाखांच्या भिंती पहिल्यांदाच हलत आहेत असे वातावरण आहे. इतिहास वेगळे सांगतो. वैनगंगेच्या खोऱ्यात गेल्या पावणेदोनशे वर्षांत जे संशोधन टिकले, ज्याचा आजही आधार घ्यावा लागतो, ते जवळजवळ सगळे आपल्या शाखेची हद्द मोडून झालेले आहे. ती हद्द कुठल्या धोरणाने मोडली नाही. हाती आलेला विषयच एका शाखेत मावत नव्हता, म्हणून ती मोडावी लागली. हे खरे असेल तर संशोधन नागपूरच्या विभागांत व्हायचे आणि गोंदियाने फक्त अभ्यासक्रम शिकवायचा, ही आपल्याकडे मुरलेली समजूतही तपासून पाहावी लागेल.

सुरुवात विद्यापीठाच्या आधीपासून करावी लागते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली नागपूरला आले ते धर्मप्रसारासाठी. १८४६ साली त्यांनी शाळा काढली. १८८३ साली तिचे महाविद्यालय झाले आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. धर्मप्रसारात त्यांना किती यश आले हा निराळा विषय; पण त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूरच्या आसपासच्या खडकांतून वनस्पतींचे, माशांचे, शिंपल्यांचे जीवाश्म गोळा केले आणि त्यांवरचे निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेपर्यंत पोहोचवले. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातले जीव सापडतात, ही गोष्ट जगापुढे मांडणाऱ्या पहिल्या अभ्यासकांत हे दोघे आहेत. दगड गोळा करायला रानोमाळ हिंडणाऱ्या या माणसाला वाटेत गोंड भेटले, त्यांची भाषा भेटली आणि प्रधान गायकांच्या तोंडची, गोंडांचा पुराणपुरुष लिंगो याची गाथा भेटली. तीही त्यांनी उतरवून घेतली. पुढे शिलावर्तुळांकडे, म्हणजे मोठमोठे दगड गोलाकार रचून केलेल्या प्राचीन दफनांकडे त्यांचे लक्ष वळले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना रात्री पुराच्या नाल्यात ते बुडून मरण पावले. त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींवरचे कागद म्हणून छापून काढली. भूविज्ञान, भाषा, लोकसाहित्य आणि पुरातत्त्व हे सगळे एकाच माणसाच्या झोळीत होते. त्यांना आंतरविद्याशाखीय असे काही करायचे नव्हते. ते चालत होते ती जमीनच अशी होती की दगडाकडे पाहता पाहता माणसाकडे वळावे लागे.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो आणि तो वजनदार आहे. हिस्लॉप यांचा काळ हौशी विद्वानांचा होता. तेव्हा शाखा पुरत्या वेगळ्या झाल्याच नव्हत्या, त्यामुळे त्या ओलांडण्यात काही पराक्रम नव्हता. आज जीवाश्मांवर काम करायचे तर दहा वर्षे त्यातच घालवावी लागतात. गोंडी व्याकरणासाठी वेगळी दहा वर्षे. हा आक्षेप खरा ठरला असता, जर विद्यापीठ स्थापन होऊन शाखा पक्क्या झाल्यानंतरचे चांगले काम शाखेच्या आतच झाले असते. ते तसे झाले नाही.

नागपूर विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले. पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस. सहा संलग्न महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढा त्याचा संसार होता. त्याआधी इथली महाविद्यालये आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणजे इथल्या मुलांचे पेपर दूर कुठेतरी निघत आणि दूर कुठेतरी तपासले जात. नवे विद्यापीठ आले तरी मूळ घडण तीच राहिली: महाविद्यालयाने शिकवायचे, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची. संशोधन हा त्या घडणीत नंतर आलेला पाहुणा. या साच्याची सवय इतकी जुनी आहे की आजही गोंदियाच्या प्राध्यापकाला संशोधन म्हणजे ‘नागपूरला जाऊन करायची गोष्ट’ वाटली तर नवल नाही.

या साच्यातूनच वासुदेव विष्णु मिराशी घडले. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक. संस्कृतच्या प्राध्यापकाने काव्य, नाटक, व्याकरण शिकवावे, पाठ्यपुस्तकांवर टीपा लिहाव्यात, अशी अपेक्षा. मिराशी ताम्रपटांकडे वळले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या कोरीव लेखांची वर्णनात्मक सूची रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली तयार केली होती. हे हिरालाल प्राध्यापक नव्हते, सरकारी अधिकारी होते. ब्रिटिश अधिकारी रसेल यांच्याबरोबर मध्य प्रांताच्या जातीजमातींवर त्यांनी चार खंड लिहिले तेही त्याच साली आले. ज्या प्रदेशात लेखांची यादी एक महसुली अधिकारी करतो, तिथे तिचा अर्थ लावायला संस्कृतचा प्राध्यापक पुढे आला तर ते स्वाभाविकच. पुढे मिराशींनी भारतीय कोरीव लेखांच्या राष्ट्रीय ग्रंथमालेचे तीन खंड संपादित केले: कलचुरी-चेदी संवताचे लेख १९५५ साली, वाकाटकांचे १९६३ साली आणि शिलाहारांचे १९७७ साली. वाकाटकांच्या खंडात तिरोडीचा ताम्रपट आहे, दुसऱ्या प्रवरसेनाचा. तिरोडी हे गोंदियाच्या शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले मॅंगनीजच्या खाणींचे गाव. राजा कुणाला कोणत्या गावाचे दान देतो, त्या गावाच्या चतुःसीमेला कोणती गावे आहेत, हे ताम्रपटात लिहिलेले असते. आणि त्या गावांची आजची नावे ओळखायची तर संस्कृत पुरत नाही. तिथे नकाशा लागतो, नद्यांची माहिती लागते, गावांची बोलीतली नावे लागतात.

मिराशींच्या कामाचा एक धागा जरा लांबपर्यंत पाहण्यासारखा आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’च्या आठव्या उच्छ्वासात विदर्भाच्या राजघराण्याची कथा येते. पुण्यवर्मा नावाचा गुणी राजा, त्याचा विलासी मुलगा अनंतवर्मा, अश्मकाच्या राजाचे कपट आणि राज्याचा नाश. संस्कृतचा विद्यार्थी ती गोष्ट म्हणून वाचतो. मिराशींनी ती वाकाटक घराण्याच्या अखेरची सावली म्हणून वाचली. त्या घराण्याचा राजा हरिषेण याच्यानंतर काय घडले असेल ते या कथेत दडले आहे असे त्यांचे म्हणणे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा आहे आणि तोही मिराशींनी अभ्यासला होता. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या लेण्यांचा काळ ठरवताना या वाचनाचा आधार घेतला. अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचे सगळे काम काही थोड्या वर्षांत उरकले, हरिषेणाच्या मृत्यूबरोबर ते थांबले, असा त्यांचा सिद्धांत. तो सर्वांना मान्य नाही, आणि एका संस्कृत कादंबरीवर इतका भार टाकावा का, ही शंका वाजवी आहे. पण माझा मुद्दा सिद्धांताच्या खरेखोटेपणाचा नाही. नागपुरातल्या संस्कृतच्या प्राध्यापकाने कथेला पुरावा म्हणून वाचून दाखवले नसते तर अजिंठ्याच्या कालगणनेचा हा वादच उभा राहिला नसता. वाद उभा करणे हे विद्वत्तेचे काम आहे आणि ते इथून झाले.

हिस्लॉप यांच्याविषयीचा आक्षेप पुन्हा घेऊ. हौशी काळ संपला होता, मिराशी पक्के तज्ज्ञ होते, तरी ते शाखेत मावले नाहीत. त्यांच्यानंतरचे शां. भा. देव तर आणखी बोलके उदाहरण. देवांचा पहिला मोठा ग्रंथ जैन भिक्षुसंघाच्या इतिहासावरचा, पूर्णपणे ग्रंथांवर बेतलेला. नागपूर विद्यापीठात असताना त्यांनी कुदळ हातात घेतली. १९६८-६९ साली विद्यापीठाने टाकळघाट-खापा इथे उत्खनन केले, म्हणजे जी शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप बुडाले त्यांच्याच परिसरात, शंभराहून अधिक वर्षांनी. त्यानंतर माहुरझरी आले. लोखंडाची हत्यारे, तांब्याचे अलंकार, मृतांबरोबर पुरलेल्या घोड्यांचे अवशेष निघाले. हाडांचे निदान करायला प्राणिशास्त्र लागले, धातूसाठी रसायन, काळ ठरवायला किरणोत्सारी कार्बन. १९६९-७० साली विद्यापीठाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर वैनगंगेकाठच्या पवनीत खोदाई केली. तेव्हा गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, कारण वेगळा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. म्हणजे पवनी तेव्हा मुर्रीच्याच जिल्ह्यात होती. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला, ब्राह्मी लेख निघाले. देव आणि ज. प. जोशी यांचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. या खोऱ्याचा इतिहास भोसल्यांपासून किंवा फार तर गोंड राजांपासून सुरू करायची सवय लागलेल्यांना त्या अहवालाने दीड-दोन हजार वर्षे मागे नेले. जैन संघाचा अभ्यासक, सर्वेक्षणाचा अधिकारी आणि विद्यापीठाचे विद्यार्थी यांनी मिळून हे केले. खंदकात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला आपण कला शाखेचे की विज्ञान शाखेचे, हा प्रश्न सुचायला वेळ नव्हता.

मात्र मिराशी काय किंवा देव काय, ते आधी कुठल्यातरी एका विद्येत खोल उतरलेले होते. आज ‘बहुविद्याशाखीय’ म्हणून जे खपवले जाते त्यात ही खोली बहुधा गळून पडते. चार विषयांचे चार-चार धडे शिकवले की भिंत पडली असे मानले जाते. वेस ओलांडायची तर आधी गाव असावे लागते.

खोऱ्यातल्या संपत्तीचीही एक कथा या इतिहासात आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. भंडारा-बालाघाटच्या मॅंगनीजवर भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या फर्मर यांनी १९०९ साली प्रचंड ग्रंथ लिहिला आणि इथल्या एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिले. मॅंगनीज जगभर गेले, गोंडांचे नाव खडकाला चिकटून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले आणि गोंड होते तिथेच राहिले. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी याच खनिजाच्या धंद्यात पैसा मिळवला आणि १९३० साली मृत्यूनंतर तो उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला मिळाला. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. इकडे गोंदियात तेंदूपत्त्यावर विडीचा धंदा वाढला. विडी व्यवसायातल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि या कोपऱ्यात उच्च शिक्षण आले. दोन्ही दाने मोठी आहेत, त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण जमिनीखालचे मॅंगनीज आणि जमिनीवरचा तेंदू यांनी ज्या संस्थांचा खर्च उचलला, त्या संस्थांनी त्या जमिनीचा अभ्यास किती केला, हा हिशेब विचारायला हरकत नसावी. कच्चा माल इथला आणि पक्का माल बाहेरचा, हे फक्त धातूच्या बाबतीत झाले नाही. जीवाश्म इथले, त्यांवरचे निबंध लंडनला. ताम्रपट इथला, त्याचे वाचन नागपूरला.

या प्रवाहाला उलट वळण देणारी माणसेही झाली. विष्णु भिकाजी कोलते हे बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले, पुढे १९६६ ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू. मराठीचे प्राध्यापक असून ते महानुभावांच्या पोथ्यांत शिरले, त्या पंथाच्या सांकेतिक लिप्यांतून वाट काढली, ताम्रपटही वाचले आणि १९७८ साली ‘लीळाचरित्रा’ची मोठी संपादित आवृत्ती दिली. ‘लीळाचरित्र’ हा मराठी वाङ्मयाचा ग्रंथ म्हणून शिकवतात. पण ते तेराव्या शतकातल्या विदर्भाचा नकाशाही आहे, अन्नाची यादीही आहे, जातिव्यवस्थेचा जबाबही आहे. चक्रधर भंडाऱ्याला आले आणि निळभट्ट भांडारेकर त्यांच्यामागे निघाले, ते याच खोऱ्यातून. कोलत्यांच्या कामामुळे मराठीच्या विद्यार्थ्याला इतिहासकार होण्याची मुभा मिळाली. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी ती मुभा आणखी जवळ आणली. झाडीबोली ही ‘अशुद्ध मराठी’ म्हणून वर्गात हशा पिकवणारी बोली. बोरकरांनी तिचा शब्दकोश केला, दंडार या लोकनाट्याचा अभ्यास केला आणि १९९०च्या दशकापासून झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली. हे काम विद्यापीठाच्या सभागृहात झाले नाही. अभ्यासक आणि अभ्यासाचा विषय एकाच गावचे असले की काय होते, ते इथे दिसते: बोलीचा अभ्यास म्हणता म्हणता तो शेतीचा, सणांचा, नाट्याचा अभ्यास होतो, कारण बोलणाऱ्यांनी हे शब्द वेगवेगळ्या खणांत ठेवलेले नसतात.

इथे दुसरा आक्षेप येतो. आपल्याच मातीचा अभ्यास आपणच केला की अभिमान पुराव्यावर स्वार होतो. हा धोका खरा आहे. कालिदासाचा रामगिरी म्हणजे रामटेक, हे मिराशींनी हिरिरीने मांडले आणि विदर्भाने ते डोक्यावर घेतले. रामटेकला १९९७ साली कालिदासाच्या नावाने संस्कृत विद्यापीठही झाले. तरी मतभेद संपलेले नाहीत. मोतीरावण कंगाली यांचे उदाहरण अधिक नाजूक आहे. रामटेकजवळच्या गावातले कंगाली रिझर्व्ह बॅंकेत नोकरी करत गोंडी भाषा, धर्म आणि इतिहासावर आयुष्यभर लिहीत राहिले. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांना आज माघ पौर्णिमेला हजारो गोंड भाविक जातात. त्या जत्रेला आजचे रूप देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. सिंधू संस्कृतीची लिपी गोंडीतून वाचल्याचा त्यांचा दावा भाषाशास्त्रज्ञांनी स्वीकारलेला नाही आणि माझ्या मते तो स्वीकारण्याजोगा नाही. पण या उदाहरणातून धडा कोणता घ्यायचा? गोंडांनी स्वतःचा अभ्यास करू नये, असा? उलट मला तर असे दिसते की, या माणसाशी तोडीस तोड वाद घालेल, त्याची कच्ची बाजू दाखवेल आणि पक्की बाजू पुढे नेईल असे विद्यापीठीय वर्तुळ त्याला मिळाले नाही. गोंडी बोलणाऱ्या लोकांच्या उशाशी असलेल्या विद्यापीठाने गोंडीला जितकी जागा द्यायला हवी होती तितकी दिली नाही. मग अभ्यास बॅंकेच्या नोकरीनंतरच्या वेळात झाला. अभिमानाला आवर घालते ती चर्चा, आणि चर्चा घडवणे हे विद्यापीठाचे काम. मिराशींच्या मतांना आव्हान मिळाले कारण ते त्या वर्तुळाच्या आत होते.

विद्यापीठाबाहेरचे ज्ञान आणि विद्यापीठ यांची देवाणघेवाण कशी चालते, याचा सगळ्यात स्पष्ट दाखला इथल्या धानात आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले शेतकरी. १९८३ साली ‘पटेल ३’ या धानाच्या पिकात त्यांना पिवळसर दाण्यांच्या काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, आणि काही वर्षांत बारीक दाण्याचा नवा वाण तयार झाला. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून बाजारात त्याला ‘एचएमटी’ नाव पडले. आता यात विद्यापीठ कुठे कुठे आहे ते पाहा. ‘पटेल ३’ हा वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठातल्या डॉ. पटेल यांचा. त्यातून निवड केली शेतकऱ्याने. त्याच्याकडचे बियाणे पुढे सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राकडे गेले आणि १९९८ साली अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाने वाण प्रसारित केला. श्रेय कुणाचे यावर मग वाद झाला. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने खोब्रागडे यांचा गौरव केला. २०१८ साली ते वारले, तोवर त्यांची परिस्थिती फारशी सुधारली नव्हती. शास्त्रज्ञांची बाजूही आहे: वाण शुद्ध करणे, त्याच्या चाचण्या घेणे, तो स्थिर आहे हे दाखवणे हे काम निवडीपेक्षा वेगळे असते. ते मान्य केले तरी प्रबंधाच्या मुखपृष्ठावर मार्गदर्शकाचे नाव असते तसे शेतकऱ्याचे नाव का नसावे, याला उत्तर मिळत नाही. ज्ञान एका दिशेने वाहते या समजुतीने ते नाव गाळले गेले.

आता तलावाकडे येतो, कारण मुर्रीच्या विद्यार्थिनीच्या हाताशी येईल असा विषय तोच आहे. भंडारा-गोंदियात गावोगाव तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. कोहळी समाजाने गोंड राजांच्या आणि नंतर भोसल्यांच्या काळात हे तलाव बांधले अशी परंपरा आहे. नवेगावबांधच्या तलावाचे नाव कोलू पटेल कोहळी यांच्याशी जोडलेले आहे. पाळ कुठे घालायची, सांडवा कुठून काढायचा, कोणत्या बांधीला आधी पाणी द्यायचे, हे सगळे लिखित नियमांशिवाय चालत असे. पुढे मालगुजार आले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. गावाच्या निस्तार (सामायिक वापराच्या) हक्कांचे, पाणीपट्टीचे, दुरुस्तीचे प्रश्न तेव्हापासून लोंबकळत आहेत. मासेमारी ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे गेली. मोठ्या वाढीचे मासे सोडले गेले, स्थानिक जाती कमी झाल्या, काठावर बेशरम हे झुडूप माजले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाबरोबर काम करून बेशरम उपटले, स्थानिक पाणवनस्पती परत लावल्या, माशांच्या स्थानिक जातींकडे लक्ष दिले. कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते, हे ढिवरांना ठाऊक होते आणि त्या वनस्पतींची नावे झाडीबोलीत होती. त्या नावांवरून शास्त्रीय नावांपर्यंत पोहोचायला वनस्पतिशास्त्र लागले. गोंदिया जिल्ह्यातले सारस पक्षीही याच तलावांवर आणि धानाच्या बांध्यांवर जगतात आणि त्यांची घरटी राखण्यात शेतकऱ्यांचा हात आहे. नवेगावबांधला राहून मारुती चितमपल्ली यांनी पाखरांवर जे लिहिले त्यातही माधवराव पाटलांसारख्या स्थानिक जाणकारांचे शिक्षण आहे.

मग या तलावावर प्रकल्प करायचा तर तो कुठे मांडायचा? महाराष्ट्रात राज्यपालांच्या पुढाकाराने सुमारे दोन दशकांपूर्वी ‘आविष्कार’ ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा सुरू झाली. विद्यार्थ्यांपासून शिक्षकांपर्यंत सर्वांना तिथे संशोधन मांडता येते आणि गावाकडच्या महाविद्यालयातली मुलेही राज्य पातळीपर्यंत पोहोचतात. उपक्रम उत्तम आहे. त्यात गट सहा: मानव्यविद्या-भाषा-ललितकला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, कृषी-पशुसंवर्धन, अभियांत्रिकी-तंत्रज्ञान, वैद्यक-औषधनिर्माण. तलावाची पाळ अभियांत्रिकीत जाईल, मासा पशुसंवर्धनात, पाणवनस्पती शुद्ध विज्ञानात, निस्तार हक्क विधीत, कोहळ्यांच्या कथा मानव्यविद्येत. प्रत्येक गटात तलावाचा एक तुकडा पोहोचेल आणि तलाव कुठेच पोहोचणार नाही. परीक्षणाच्या सोयीसाठी गट लागतात हे खरे. पण एक सातवा गट, ज्यात एका ठिकाणाचा किंवा एका वस्तूचा अभ्यास वेगवेगळ्या शाखांतल्या विद्यार्थ्यांनी मिळून मांडावा, ही मागणी अवास्तव नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. गोंदियाच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा अपुऱ्या, ग्रंथालय जुने, प्राध्यापक तासिकांवर राबणारे, आणि २०१०पासून शोधनिबंधांच्या गुणांकनाने निबंधांची संख्या वाढवून दर्जा घसरवलेला. या परिस्थितीत मिराशींचे नाव घेणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीची वर्णने ऐकवणे, असे कुणी म्हणेल. यातले गाऱ्हाणे सगळे खरे आहे आणि रिकाम्या जागा भरल्याशिवाय कुठलेही धोरण चालणार नाही. तरी एक गोष्ट निसटते. वर सांगितलेल्या कामांपैकी माहुरझरीच्या हाडांना प्रयोगशाळा लागली. पण हिस्लॉप यांच्या टिपणांना, बोरकरांच्या शब्दकोशाला किंवा खोब्रागड्यांच्या लोंब्यांना लागली ती मुख्यतः जवळीक आणि चिकाटी. जवळीक हे असे साधन आहे जे नागपूरकडे कमी आहे आणि गोंदियाकडे भरपूर. महागडे यंत्र नागपूरला असू द्यावे. पाण्याचा नमुना तिथे पाठवता येतो. ढिवराशी चार पावसाळे बोलत राहणे मात्र तिथून जमत नाही.

नव्या धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. बऱ्याच ठिकाणी हे श्रेयांक एखाद्या सहलीच्या अहवालावर किंवा आंतरजालावरून उचललेल्या पंधरा पानांवर दिले जातील, आणि तसे झाले तर दोष धोरणाचा मानला जाईल. गोंदियातल्या प्राध्यापकांना विनंती एवढीच की, एका वर्षी एकच तलाव घ्यावा, इतिहास, मराठी, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य आणि अभियांत्रिकीच्या मुलांना त्याच काठावर पाठवावे, मुर्रीच्या मुलीला तिथल्या शब्दांची वही करायला सांगावी, सांगणाऱ्यांची नावे पहिल्या पानावर छापावीत आणि अहवालाची एक प्रत विद्यापीठाला पाठवताना दुसरी त्या गावच्या ग्रामपंचायतीत द्यावी.